शेवंतीच्या पायांची हळद

आमच्या घरात सकाळचा पहिला घास कोणाचा, यावर कधी वाद झाला नाही. तो शेवंतीचा. मग बाबांचा चहा, मग माझी भाकर आणि सगळ्यांत शेवटी, चुलीत नुसते निखारे उरले की, आई आणि आत्या यांचं खाणं. शेवंती म्हणजे आमची घोडी. लोकांच्या दारात गाय असते, म्हैस असते, आमच्या दारात बैलांच्या जोडीला वरातीची घोडी होती, आणि कासा-तलासरीच्या मधल्या त्या डोंगरपट्टीत ही गोष्ट इतकी नवलाची की घराला 'घोडीवाल्यांचं घर' असंच नाव पडलेलं. शाळेत बाई हजेरी घेताना माझं आडनाव विसरायच्या आणि 'घोडीवाल्यांची मंजू' म्हणून हाक मारायच्या. मला मेलीला असा राग यायचा! मी पेन्सिल कुरतडत बसायचे, त्यावर पोरी म्हणायच्या, बघा बघा, घोडी दाणा खातेय. माझं तोंड तेव्हाही आतासारखंच फटकळ होतं, त्यामुळे पुढे त्यांनी माझ्या नादी लागणं सोडलं.

घर कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं. चुलीमागच्या कुडापलीकडे शेवंतीची जागा. आम्ही तिला गोठा म्हणायचो, बाबा मात्र पाहुण्यांसमोर 'तबेला' म्हणायचे आणि आई पदराआड हसायची. त्या कुडातून घोडीचं सगळं ऐकू यायचं. गवत चावण्याचा तो कुर्रम कुर्रम आवाज, मधूनच नाकपुड्यांची फुर्र, खूर आपटल्याची धप्प. त्या आवाजावर मी अभ्यास केला, जेवले, झोपले. आता मुलाकडे डहाणूत राहते, रात्री रस्त्यावरून ट्रक जातात, त्याचं मला काही वाटत नाही, पण इतकी वर्षं झाली तरी कुडापलीकडे कोणीतरी चावत बसलेलं नाही हे मधूनच जाणवतं. पावसाळ्यात काकड्या निघाल्या की आई त्या किसून तांदळाच्या रव्यात गूळ घालून कालवायची आणि पानात गुंडाळून पानमोडी करायची. किसणीचा आवाज आला की पलीकडून शेवंती खूर आपटायची, कारण साली तिच्या हक्काच्या. आणि सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की तीच बाई शिंकायला लागायची. आई म्हणायची, "एवढी नाकं मुरडायची तर बामणाच्या घरी जायचं होतंस."

आत्या ही बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणायचे. तिचं लग्न तलासरीच्या पलीकडे झालं होतं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत नवरा गेला. साप चावला, असं मला पुढे कळलं. ती पत्र्याची एक पेटी घेऊन परत आली, आणि त्याच सुमारास आजोबांनी गुजरातच्या बाजूहून एक आईवेगळं शिंगरू आणलं. जगेल असं कोणालाच वाटत नव्हतं. आत्याने त्याला बोटाला फडकं गुंडाळून गाईचं दूध चोखवलं, थंडीत आपल्या गोधडीत घेतलं. ते शिंगरू म्हणजे शेवंती. मोठेपणी अंगाने साफ पांढरी झाली, पण चारही पाय गुडघ्याखाली काळपट राहिले. बाबा म्हणायचे, देवाने मोजे घालून पाठवलीय.

तुळशीचं लग्न लागलं की आमची धांदल सुरू व्हायची. कासा, तलासरी, डहाणू, पार उंबरगावपर्यंत बाबा घोडी घेऊन जायचे. तिला नटवायचं काम आत्याचं. आयाळीच्या वेण्या, कपाळावरचा गोंडा, गळ्यातली घुंगरमाळ, सगळं ती करायची, तासन् तास, आणि घोडीशी बोलत बोलत. पण घोडी दारातून निघायची वेळ झाली की आत्या दिसेनाशी व्हायची. नवऱ्याचा मामा घोडी न्यायला यायचा, त्याच्यासमोर आमच्या उंबऱ्यापाशी घोडीला हळदकुंकू लागायचं, आणि ते लावायचं सवाष्णीने. म्हणजे आईने. आत्या तेव्हा मागच्या अंगणात काहीतरी काम काढून बसायची. तिला कोणी 'जा' म्हणत नव्हतं. ती आपणहूनच जायची, आणि ती आपणहून जाते म्हणून बाकी सगळे सुटायचे. लग्नघरी तर तिने पाऊल टाकलेलं मी कधी पाहिलं नाही. नवरीला हळद लावायची, नवऱ्याची उष्टी हळद वाटायची, बायका एकमेकींना माखायच्या, त्या सगळ्यातून ती वजा.

आता त्या दुसऱ्या हळदीचं सांगते. पाऊस ओसरला, भात पोटरीला आलं की शेवंतीच्या पुढच्या पायांवर, त्या काळपट केसांवर, पिवळे पिवळे बारीक दाणे दिसायला लागायचे. तिळाहून लहान, केसाला घट्ट चिकटलेले, हाताने ओढले तरी निघत नाहीत असे. त्या दिवसांत एक केसाळ माशी तिच्या पायांभोवती घोंघावायची, दिसायला थेट मधमाशी, पण चावायची नाही. शेवंती मात्र तिला बघून पाय झाडायची, चार पावलं पळायची. आमच्याकडे तिला हळदी माशी म्हणत. विवळवेढ्याची महालक्ष्मी तिच्या हाती हळद पाठवते आणि वरातीच्या घोडीला लग्नसराईच्या आधी हळद लागते, असं आजोबा सांगायचे, त्यांना त्यांच्या बापाने सांगितलेलं. ज्या वर्षी हळद जास्त, त्या वर्षी लग्नं जास्त. म्हणून ती कोणी पुसायची नाही, खरारा करताना पुढच्या पायांना हात लावायचा नाही. हा नियम घरात सगळ्यांत कडक पाळायची ती आत्या. एकदा चिखलाने भरलेले पाय बाबा खसाखसा धुवायला गेले तर तिने त्यांच्या हातातून गवताचा बोळा हिसकून घेतला होता.

आणि रोज सकाळी, गवत टाकायला गेली की, ती बोट जिभेवर ओलं करून त्या पिवळ्या दाण्यांवरून फिरवायची आणि ते बोट आपल्या कपाळाला लावायची. रंग लागत नव्हता. लागणार कसा? पण ती लावायची. मी कुडाच्या फटीतून पाहिलं होतं. कोणाला सांगितलं नाही, कारण का कोण जाणे, ते सांगण्यासारखं नाही एवढं मला त्या वयातही कळत होतं.

मी पंधरा-सोळाची असेन, त्या वर्षी हळद अशी लागली की गावातली माणसं बघायला आली. गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय पिवळे, खांद्यावर, आयाळीच्या कडेलाही ठिपके. बाबा खूश. "यंदा पायाला उसंत नाय," म्हणाले. आणि नेमकी त्याच वर्षी शेवंती खंगत गेली. आधी कुडापलीकडचा आवाज बदलला. कुर्रम कुर्रम चालायचं आणि मध्येच थांबायचं. बघावं तर अर्धवट चावलेल्या गवताचा बोळा तोंडातून गळून पडलेला, लाळ गळतेय, जीभ बाहेर काढून ती ओठ दाताने खाजवतेय. मग दाणा नको झाला. बरगड्या मोजता याव्यात अशा वर आल्या, केस राठ झाले, आणि खाल्लं न खाल्लं की मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत राहायची, खुराने जमीन उकरायची. बाबांनी दरसालचा उपाय केला. पळसाच्या बिया वाटून गुळातून दिल्या, वावडिंग दिलं, कडूनिंबाचा पाला उकळून पाजला. चार लांब पांढरे जंत पडले, पण घोडी काही सावरली नाही.

खालच्या अंगाला एक वीटभट्टीवाला होता, त्याची नजर आधीपासून शेवंतीवर. तो येऊन बाबांना म्हणाला, "वरातीला आता हिला कोण बोलावणार? बरगड्यांवर नवरा बसवणार काय? माझ्याकडे द्या. विटा ओढील जमेल तेवढं." संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. नाय सावरली तर द्यावीच लागेल. काम न करता घोडी पोसणं आपल्यासारख्याचं काम नाय." आत्या कुडाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तिला भट्टीवर पाठवायची असेल तर मलाही तिच्याबरोबर पाठव." ती चिडून बोलली नव्हती. भाकरीचं पीठ दळायला जाते असं सांगावं तसं सांगितलं तिने, आणि बाबांचं तोंड उतरलं.

गुरांना लस टोचायला तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर गावात आले होते. बाबांनी त्यांना बळेबळेच घरी आणलं. पोरसवदा माणूस, चिखलाने मोटारसायकल बरबटलेली. आधी कुठे तरी घोड्यांमध्ये काम केलेलं असावं, कारण शेवंतीच्या जवळ जाताना ते बैलाकडे जावं तसे गेले नाहीत, बाजूने, बोलत बोलत गेले. पापणी ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या. "रक्त कमी झालंय," म्हणाले. मग तिची जीभ बाजूला धरून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसले आणि पुढच्या पायांकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"हळद," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर मानलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळदी माशीचं, देवीचं, लग्नसराईचं. मग म्हणाले, "मावशी, पाणी जरा कोमट करून आणा. आणि तुमचे दोन्ही हात द्या मला." कात्रीने त्यांनी पायावरच्या केसांचा एक बारीक झुबका कापला, आत्याचा तळवा कोमट पाण्याने ओला करून त्यावर ठेवला आणि दुसरा तळवा वरून झाकायला लावला. "आता हलक्या हाताने चोळत राहा. घाई नाही." आम्ही सगळे उभे. आई हातातलं सूप तसंच धरून. बाबांना वाटलं माणूस काही मंत्रबिंत्र घालतोय. मग डॉक्टरांनी आत्याला हात उघडायला सांगितलं आणि खिशातून भिंग काढून तिच्या हातात दिलं.

आत्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. "हलतंय," ती म्हणाली. "डाक्तर, हे हलतंय."

मीही वाकून पाहिलं. तिच्या तळव्यावरच्या रेषांमधून दोऱ्याच्या तुसाएवढं काहीतरी वळवळत चाललं होतं. एक नाही, कितीतरी.

"त्या माशीची अंडी आहेत," डॉक्टर म्हणाले. "घोडी पाय चाटते, जिभेची ऊब आणि ओल लागली की फुटतात. आतल्या अळ्या जिभेत, हिरड्यांत शिरतात, म्हणून तिला चावताना दुखतंय. मग पोटात उतरतात आणि आतल्या अंगाला आकडे रुतवून महिनोन् महिने बसतात. थोड्या असल्या तर घोडं सोसतं. हिच्या पोटात भरल्या असणार." बाबांनी पळसाच्या बियांचं विचारलं. ते म्हणाले, "लांब जंतांना चालतात की. या अळ्यांना नाही चालत. यांना कडक औषध लागेल, नाकातून नळी घालून थेट पोटात. पण घोडी अशक्त आहे. माप चुकलं तर औषधच तिला घेऊन जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. आणि आधी हे पाय साफ करायचे. एक दाणा राहता कामा नये, नाहीतर आज काढलं आणि उद्या पुन्हा घातलं." मग आत्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हात साबणाने धुवा. आणि यांना हात लावून डोळ्यांना, तोंडाला लावू नका कधी."

आत्या उठली आणि विहिरीच्या दगडावर जाऊन बसली. आईने साबण दिला, तरी वर राखेने घासत राहिली. बोटं लाल झाली तरी घासत होती.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीत काटक्या सारत होते. आत्या आत येऊन कुडाशी बसली. आईशी ती असं मन उघडून कधी बोलली नव्हती. दोघींचं बरं होतं, पण ते पाणी भरणं, दळण, कांडण एवढ्यापुरतं. "वैनी," ती म्हणाली, "ते गेले तेव्हा बायांनी माझ्या अंगावरची हळद दगडाने घासून काढली. नंतर मला कोणी लावली नाय. शेवंतीच्या पायावर पहिल्यांदा दिसली ना, तेव्हा मला वाटलं देवी मला विसरली नाय. रोज लावून घ्यायची मी. आणि माझ्या त्या हौसेपायी तुझ्या नवऱ्याला पाय धुवू दिले नाय. मीच पोसलं ते तिच्या पोटात." एवढं बोलून ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. आई परातीतली भाकर थापायची थांबली, तव्यावर दुसरी फुगली, ती उलटायची राहिली. मला आईचा तेव्हा फार राग आला. जवळ घ्यायचं सोडून बसलीय काय, असं वाटलं. आता वाटतं, तिला त्या क्षणी जे दिसलं असेल ते पचवायला थोडा वेळ लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढीचं ब्लेड घेऊन निघाले तर आत्या आडवी आली. "अक्का, तू नको," बाबा म्हणाले. "तुला बघवणार नाय." "मी लावून घेतली, मीच काढणार," ती म्हणाली. हाताला फडकं बांधून बसली ती शेवंतीच्या पायाशी. ब्लेड केसांच्या कलाने तिरकं धरायचं आणि खालपर्यंत ओढत न्यायचं. माझं काम खरवडलेले केस पत्र्यावर गोळा करून लांब नेऊन जाळायचं. शेवंतीला एरवी पाय धरला की खपत नसे, त्या दिवशी ती खांबासारखी उभी राहिली आणि मधूनमधून आत्याच्या पाठीवर हनुवटी टेकत होती. आत्या बडबडत होती, "उभी राहा गो माझी बाय, झालं, झालं आता." उन्हं डोक्यावर आली तेव्हा पाय पुन्हा काळे झाले होते. आत्याने शेवटी गरम पाण्याच्या फडक्याने ते पुसले आणि तशीच मटकन जमिनीवर बसली.

रात्रभर उपाशी ठेवलेल्या घोडीला डॉक्टरांनी औषध दिलं ते मी कधी विसरणार नाही. दोरीने छातीचा घेर मोजून त्यांनी वजनाचा अंदाज बांधला, औषध तीन-तीनदा मोजलं. बाबांनी शेवंतीच्या वरच्या ओठाला दोरीचा पिळा घालून धरला. एवढी लांब रबरी नळी एका नाकपुडीतून आत आत गेली, डॉक्टर दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकत होते, फुफ्फुसात गेली नाही ना म्हणून. मग नरसाळ्यातून औषध ओतलं. आत्या तिच्या मानेला मिठी मारून उभी. थोड्या वेळाने शेवंतीला घाम फुटला. नंतर पोटात कळ आली आणि ती पाय मुडपून खाली बसली, मग आडवीच झाली. नेमका त्याच दुपारी भट्टीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गेली वाटतं." मी तोंड उघडणार होते, पण आधी बाबाच ओरडले, "तू गेलास तरी ती जाणार नाय, चालता हो!" आयुष्यात बाबा कोणावर असे ओरडलेले मी तेवढेच ऐकले. डॉक्टर दुसऱ्या कोणाची गुरं सोडून दिवसभर आमच्या ओट्यावर बसून राहिले. अंधार पडायच्या सुमारास शेवंती धडपडत उठली, अंग झाडलं, आणि त्यांनी पहिल्यांदा चहा मागितला.

सकाळी मला जाग आली ती आत्याच्या हाकांनी. धावत गेले तर ती उकिडवी बसून काटकीने लीद उसकत होती. लिदीत लालसर, जाडजूड, वालाच्या दाण्याएवढ्या अळ्या, मुठीने उचलाव्यात एवढ्या. "बघ गो मंजू, बघ, हे बसले होते माझ्या पोरीला खात," असं म्हणत ती एकाच वेळी हसत होती आणि शिव्या घालत होती. आत्याला इतक्या शिव्या येतात हे मला त्या दिवशी कळलं. आईने कोंड्याची पातळ पेज करून आणली. शेवंतीने हुंगली, दोन घोट घेतले आणि मग घमेलं तळापर्यंत चाटून साफ केलं. चार-पाच दिवसांनी कुडापलीकडे पुन्हा तो आवाज सुरू झाला, न थांबता. आम्ही तिघी चुलीपाशी जेवत होतो. जेवण थांबवून नुसत्या ऐकत राहिलो.

हल्ली हे सगळं सोपं झालंय. संध्याकाळी मी डहाणूच्या किनाऱ्यावर फिरायला जाते, तिथे पोरं घोड्यांवर पर्यटकांना फिरवतात. सवयीने माझी नजर आधी घोड्याच्या पुढच्या पायांकडे जाते. दाणे दिसले की मी सांगते, आणि ती पोरं म्हणतात, मावशी, आता टूथपेस्टसारखं औषध येतं, पिचकारीने जिभेवर सोडायचं की झालं. खरं आहे. पण आताचे डॉक्टर म्हणतात की ऊठसूट देऊ नका, जंतही औषधाला सरावतात, आधी लीद तपासून घ्या. आणि पायावरचे दाणे अजूनही हातानेच काढावे लागतात, लीद रोजच्या रोज लांब टाकावी लागते, चारा जमिनीवर न टाकता उंचावर बांधावा लागतो. आत्याने हे सगळं त्या डॉक्टरांकडून ऐकलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढे आजूबाजूच्या गावात कोणाचं घोडं, तट्टू आजारी पडलं की लोक आधी तिला बोलवायचे, आणि ती आधी पाय बघायची.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत शेवंती पार पूर्वीची झाली नव्हती, पण बरगड्या झाकल्या होत्या, आणि डॉक्टरांनी हलका नवरा चालेल असं सांगितलं होतं. पहिली सुपारी तलासरीकडची. नवऱ्याचा मामा दोन माणसं घेऊन घोडी न्यायला आला. आत्याने पहाटेपासून वेण्या घातल्या होत्या, गोंडा बांधला होता, आणि दारात माणसं दिसताच नेहमीप्रमाणे मागच्या अंगणाकडे वळली होती. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. घोडीसमोर उभी राहिली. आणि मागे वळून मोठ्याने म्हणाली, "वन्सं, इकडे या."

आत्या आली नाही. आईने पुन्हा हाक मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा, घेऊन ये तिला." मी गेले आणि तिचा हात धरून ओढत आणलं. तिचे हात अजून खराऱ्याच्या धुळीने माखलेले होते. आईने ताट तिच्यापुढे धरलं. "तुम्ही लावा."

"येडी झालीस काय वैनी," आत्या पुटपुटली. "शुभकार्य हाय लोकांचं."

नवऱ्याचा मामा पुढे झाला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला. म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण हळद सवाष्णीच्या हातची लागते. रीत हाय. पोराचं पहिलं पाऊल हाय, आम्हाला उगा शंका नको."

बाबा मान खाली घालून लगाम धरून उभे. मला वाटलं आता ते आईला आवरतील. त्यांनी आवरलं नाही. आई मामाकडे वळली. चार माणसांत तिचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "दादा," ती म्हणाली, "ही घोडी मेली होती. हिने तिला जिती केलीय, स्वतःच्या हाताने. जिच्या हातून जीव वाचला तिच्या हातची हळद तुमच्या पोराला बाधणार असेल, तर तुमचा पोरगा चालत जाऊ द्या. रस्ता सपाट हाय."

बरोबर आलेल्या दोघांपैकी एक म्हातारा खाली बघत हसला. मामाने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "लावा," तो आत्याकडे बघून म्हणाला. "लावा आई, उशीर होतोय."

आत्याने धुळीचे हात लुगड्याला पुसले. तिने शेवंतीच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. मग हात मागे घेऊन तशीच उभी राहिली, आता पुढे काय करतात ते माहीत नसल्यासारखी. आईने ताट माझ्याकडे दिलं, उरलेली हळद चिमटीत घेतली आणि आत्याच्या दोन्ही गालांना लावली. गच्च, बोटं उमटतील अशी. आत्या म्हणाली, "वैनी, लोक बघतायत." आई म्हणाली, "बघू द्या," आणि मग तिचाही बांध फुटला. घोडी कधी निघाली, घुंगरांचा आवाज कधी लांब गेला, त्या दोघींना कळलं नाही.

आत्याने ती हळद आपोआप उतरेपर्यंत तोंड धुतलं नाही. आणि रोज सकाळी तोंड न धुता चुलीपाशी आलेल्या माणसाला चहा न देणारी माझी आई, त्या दिवसांत तिच्यापुढे चहा ठेवत राहिली.